घरगुती डीव्हीडीची कैफियत

बाजारातून विकत आणलेला चित्रपट ज्या यंत्रात निर्वेधपणे चालतो, त्याच यंत्रात मुलीच्या विवाहाची तबकडी घातली असता पडद्यावर ‘नो डिस्क’ ही अक्षरे उमटावीत, किंवा मंगलाष्टकांपर्यंत सुरळीत चाललेले चित्र सप्तपदीच्या ऐन वेळी थबकावे, त्याचे चौकोनी तुकडे व्हावेत आणि मधले सारे विधी गाळून यंत्राने एकदम वरातीवर उडी घ्यावी, हा अनुभव ज्या घरांत २००० सालानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत एखादे लग्न, मुंज अथवा साठीशांत झाली, त्यांपैकी पुष्कळ घरांना परिचित आहे. अशा वेळी घरातल्या मंडळींचा रोष फोटोग्राफर, दुकानदार आणि प्लेअर या तिघांवर कमीअधिक प्रमाणात वाटला जातो, आणि उपाय म्हणून ती तबकडी सदऱ्याच्या टोकाने गोल गोल पुसण्यात येते. हा उपाय मूळ व्याधीपेक्षा अधिक घातक कसा, हे पुढे येईलच.

या तक्रारीची तड लावायची तर प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, कारखान्यात छापलेली डीव्हीडी आणि संगणकावर ‘राइट’ केलेली डीव्हीडी यांचे साम्य केवळ आकारापुरते आहे. दोन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर. दोन्हींत पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटविलेल्या; आणि दोन्हींत माहितीची एकच सर्पिल रेषा आतून बाहेर अखंड वळत गेलेली. या रेषेच्या लगतच्या दोन वेढ्यांमधील अंतर अवघे ०.७४ मायक्रॉन असते, आणि ती उलगडून सरळ मांडता आली तर तिची लांबी सुमारे १२ किलोमीटर भरेल. परंतु छापील तबकडीवर ही माहिती म्हणजे साच्याने दाबून उठविलेले खरेखुरे सूक्ष्म खळगे असून त्यांवर धातूचा तकतकीत थर दिलेला असतो. घरी लिहावयाच्या कोऱ्या तबकडीत मात्र असे माहितीचे खळगे मुळीच नसतात. तेथे धातूच्या परावर्तक थराखाली एका सेंद्रिय रंगद्रव्याचा लेप असतो (खालच्या बाजूस दिसणारी ती जांभळट झाक या रंगद्रव्याचीच), आणि राइटरमधील तांबडा लेसर किरण नेमक्या जागी निमिषमात्र प्रखर होऊन त्या लेपाला भाजतो. जेथे भाजले तेथून प्रकाश कमी परततो, आणि वाचणाऱ्या यंत्राला ती जागा खळग्यासारखी भासते. घरगुती डीव्हीडी हा अशा रीतीने खळग्यांचा एक आभास आहे. आणि तो आभास किती हुबेहूब वठला, यावर पुढची सारी सुखदुःखे अवलंबून असतात.

यास्तव दोष तीन ठिकाणी संभवतो: तबकडीच्या द्रव्यात, लेखनाच्या कृतीत, किंवा वाचणाऱ्या यंत्रात. लोक प्रथम तिसऱ्यावर संशय घेतात. माझे मत असे की, यंत्राच्या माथी मारला जाणारा बहुतेक दोष लेखनाच्या त्या पाच-पंधरा मिनिटांतच जन्मलेला असतो, आणि यंत्राकडून तो केवळ उघडकीस येतो. अर्थात मत हे पुराव्याच्या जागी ठेवता येत नाही; आणि सुदैवाने या प्रकरणी पुरावा गोळा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मजकूर तबकडी शेजारच्या घरातील प्लेअरवर आणि संगणकाच्या ड्राइव्हमध्ये अशी दोन ठिकाणी चालवून पाहावी, आणि संशयित प्लेअरमध्ये एक छापील व दुसऱ्या कोणी लिहिलेली एक, अशा दोन निराळ्या तबकड्या घालून पाहाव्यात. चित्र प्रत्येक वेळी त्याच क्षणाला, त्याच दृश्याला अडत असेल तर दोष तबकडीचा. आज येथे तर उद्या तेथे, किंवा यंत्र तासभर तापल्यावरच अडत असेल तर दोष यंत्राचा. छापील तबकड्या चालतात आणि लिहिलेली एकही चालत नाही असे आढळल्यास, यंत्राचा लेसर क्षीण होऊ लागला आहे असे समजावे. दोन थरांच्या, म्हणजे ८.५ गिगाबाइट क्षमतेच्या तबकडीवर चित्र मध्ये एकदाच क्षणभर थांबून लगेच पुढे जात असेल, तर तो दोषच नव्हे. पहिला थर संपवून किरण दुसऱ्या थरावर आपली दृष्टी स्थिर करीत असतो, एवढाच त्याचा अर्थ.

तबकडी मुळीच ओळखली जात नाही, असा प्रकार आधी घेऊ, कारण त्याचा उलगडा बहुधा सोपा असतो. लेखन संपल्यावर तबकडीच्या आरंभीच्या व अखेरच्या पट्ट्यांत ठरावीक नोंदी करून ती कायमची बंद करण्याचा एक विधी आहे. त्यास ‘फायनलाइझ’ करणे म्हणतात. हा विधी राहून गेला तर जिने लिहिले त्या यंत्रणेखेरीज अन्य कोणालाही ती तबकडी कोरी किंवा निरर्थक वाटते. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर चित्रण करणारे हँडीकॅम एके काळी पुष्कळ घरांत होते. त्या तबकडीत १.४ गिगाबाइट, म्हणजे साधारण प्रतीचे अर्ध्या तासाचे चित्रण मावत असे, आणि सहलीहून परतल्यावर ती फायनलाइझ करण्याची तसदी फारच थोडे लोक घेत. कॅमेरा अजून शाबूत असेल तर त्यातच तो विधी आजही पुरा करता येतो. कॅमेरा भंगारात गेला असेल, तर संगणकावर आयसोबस्टरसारखे साधन वापरून, तबकडीच्या नोंदींवर विसंबून न राहता थेट तिच्या खंडांतून चित्रण उपसून काढणे हा मार्ग उरतो, आणि तो पुष्कळदा यशस्वी होतो.

दुसरा प्रकार याहून अधिक निरागस आहे. विंडोज ७ सारख्या प्रणालीत कोरी तबकडी घातली की, ही पेन ड्राइव्हप्रमाणे वापरायची आहे की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असा प्रश्न पडद्यावर येई, आणि घाईत असलेला मनुष्य बहुधा समोर निवडून ठेवलेला पहिलाच पर्याय कबूल करून मोकळा होई. पहिल्या पर्यायाने लिहिलेली तबकडी घरच्या प्लेअरला वाचता येत नाही. परंतु दुसरा पर्याय निवडूनही काम भागतेच असे नाही. कारण प्लेअरला हवी असते ती डीव्हीडी-व्हिडिओची ठरलेली रचना. तीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो, त्यात चित्र-ध्वनी साठविणाऱ्या, प्रत्येकी १ गिगाबाइटच्या मर्यादेतील व्हीओबी फाइली, कोठे काय आहे हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली, आणि त्यांची जादा प्रत म्हणून ठेवलेल्या बीयूपी फाइली असतात. चित्र बहुधा एमपेग-२ या पद्धतीने बांधलेले असते. मोबाइलवरील किंवा कॅमेऱ्यातील एमपी४ फाइल नुसती ओढून तबकडीवर टाकली, तर संगणक ती आनंदाने दाखवितो आणि जुना प्लेअर तोंड फिरवितो. यात दोघांपैकी कोणाचीच चूक नाही. अशा फाइलीपासून डीव्हीडीस्टायलरसारख्या मोफत साधनाने रीतसर डीव्हीडी-व्हिडिओ रचून घ्यावी, म्हणजे हा तंटा मिटतो.

तबकडीच्या जातीचाही प्रश्न आहे. पायोनियरने १९९७ साली डीव्हीडी-आर बाजारात आणली. २००२ साली प्रतिस्पर्धी गटाची डीव्हीडी+आर आली. आणि त्या वजा-अधिकच्या भांडणात काही वर्षे ग्राहक भरडला गेला. पुढे दोन्ही लिहिणारे राइटर सर्रास निघाल्यामुळे हा भेद पुष्कळसा नाममात्र उरला, तरी फार जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर अधिक भरवशाची, हे सामान्यतः खरे आहे. डीव्हीडी+आरवर लिहिताना तबकडीच्या प्रकाराची नोंद ‘डीव्हीडी-रॉम’ अशी करण्याची सोय अनेक राइटरांत असते. ती वापरली म्हणजे संशयी प्लेअर तिला छापील तबकडी समजून दार उघडतो. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू तबकड्यांची गोष्ट निराळी. त्यांत रंगद्रव्याऐवजी, तापवून स्फटिकमय वा अस्फटिक करता येणाऱ्या मिश्रधातूचा थर असतो आणि त्यावरून प्रकाश केवळ १८ ते ३० टक्के परततो. एकथरी छापील तबकडीवरून तो ४५ ते ८५ टक्के परततो. दोन थरांच्या छापील तबकडीचा परावर्तनांकही नेमका १८ ते ३० टक्केच असल्यामुळे काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोन थरांची समजून, नसलेला दुसरा थर शोधीत बसतात. नातेवाइकांस वाटावयाच्या प्रतीसाठी आरडब्ल्यू वापरणे म्हणजे तक्रारीला आपणहून आमंत्रण देणे होय.

याच संदर्भात परदेशस्थ आप्तांची एक जुनी व्यथा सांगितली पाहिजे. पुण्यातील लग्नाची डीव्हीडी न्यू जर्सीतील मावशीकडे पोचते, तेथील प्लेअर ती नाकारतो किंवा कृष्णधवल, थरथरते चित्र दाखवितो, आणि दोन्हीकडची मंडळी ‘रिजन कोड’ला बोल लावतात. भारताचा रिजन क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १, हे खरे. परंतु ती कुंपणे चित्रपट-कंपन्यांनी आपल्या व्यापारासाठी घातलेली असून, घरगुती तबकडीवर सहसा असे कोणतेच बंधन नसते. खरा अडसर चित्रपद्धतीचा आहे. आपल्याकडे पॅल पद्धत, म्हणजे ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे चित्र सेकंदाला २५ वेळा. अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ७२० गुणिले ४८० बिंदूंचे चित्र सेकंदाला २९.९७ वेळा. भारतातील प्लेअर बहुधा दोन्ही पद्धती चालवितात, अमेरिकेतील पुष्कळसे फक्त स्वतःचीच. मावशीने ती तबकडी संगणकात घालून व्हीएलसीसारख्या प्लेअरवर पाहिली तर पॅल आणि एनटीएससी हा भेदच उरत नाही. मात्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवरच पाहण्याचा आग्रह असेल, तर डीव्हीडी रचतानाच एनटीएससी निवडून एक निराळी प्रत करावी लागते.

आता मध्येच अडणाऱ्या तबकडीकडे वळतो. या व्याधीचे मूळ समजून घेण्यात खरी गंमत आहे, आणि येथेच घाई सर्वांत महाग पडते. डीव्हीडीचा मूळ वेग, म्हणजे ‘एक पट’, सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट इतका असतो. त्या गतीने ४.७ गिगाबाइटची तबकडी भरण्यास जवळजवळ एक तास लागतो. पुढे १६ पट वेगाचे राइटर निघाले आणि तेच काम पाच-सहा मिनिटांत उरकू लागले. परंतु तबकडी वर्तुळाकार आहे, याचा विसर पडता कामा नये. एकाच गतीने फिरणाऱ्या तबकडीची कड तिच्या मध्याजवळच्या भागापेक्षा कितीतरी जलद धावते. म्हणून १६ पटीचा बहुतेक राइटर आतल्या वेढ्यांवर प्रत्यक्षात साडेसहा पटींच्या आसपासच लिहीत असतो आणि १६ पटींचा पूर्ण वेग गाठतो तो अगदी बाहेरच्या कडेशी, जेव्हा तबकडी मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे घेत असते. त्या वेगात तबकडीची लवमात्र वक्रता, लेपाची कडेकडील असमान जाडी, राइटरची किंचित थरथर, या साऱ्यांचा हिशेब एकदम द्यावा लागतो. डीव्हीडीचे लेखन आतून बाहेर होत असल्यामुळे चित्रपटाचा पूर्वार्ध आत व शेवट कडेशी येतो; आणि म्हणूनच घरगुती तबकडी दीड तास निमूट चालून ऐन शेवटी अडते. लग्नाच्या डीव्हीडीत वरात आणि गृहप्रवेशच नेमके का तुटतात, याचे कारण मुहूर्तात नसून भूमितीत आहे.

यावरील तोडगा दुहेरी आहे, आणि तो लेखनापूर्वीच योजावयाचा आहे. एक तर ‘१६ पट’ असा वेग नोंदलेल्या कोऱ्या तबकडीवर सुमारे आठ पट वेगाने लिहावे. जितके सावकाश तितके उत्तम, अशी एक समजूत प्रचलित आहे, ती सरसकट खरी नाही. कारण आजच्या तबकड्यांचा लेप जलद लेखनास अनुरूप असा बनविलेला असतो, आणि त्यावर अति मंद वेगाने लिहिल्यास परिणाम कित्येकदा उलट होतो. दुसरे असे की, तबकडी कडेपर्यंत ठासून भरू नये. डब्यावर लिहिलेले ४.७ गिगाबाइट संगणक आपल्या हिशेबाने ४.३८ दाखवितो (हा दुकानदाराचा लबाडपणा नसून मोजमापाच्या दोन पद्धतींतील फरक आहे), त्यांतून शेवटचा थोडा भाग मोकळा सोडला की सर्वांत धोक्याची कड आपोआप टळते. चित्राचा प्रवाहही बेताचा ठेवावा. नियमाने डीव्हीडीत चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण त्या टोकाला गेलेली लिहिलेली तबकडी वाचताना जुन्या प्लेअरची दमछाक होते. सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास ठेवल्यास एका तबकडीत दोन तासांचे चित्रण समाधानकारक प्रतीत मावते. चार तासांचे लग्न एका तबकडीत कोंबण्यापेक्षा दोन तबकड्या केलेल्या बऱ्या, असे मी म्हणेन, जरी हिशेब करणाऱ्या यजमानाला ते रुचले नाही तरी.

कोरी तबकडी निवडताना डब्यावरच्या नावाला फार महत्त्व देऊ नये. तबकडी घडविणारा कारखाना आणि नाव लावणारी कंपनी या एकच असतील, अशी खात्री नसते. प्रत्येक कोऱ्या तबकडीवर तिच्या निर्मात्याचा संकेत आधीच नोंदलेला असतो. राइटर तो वाचून, या लेपाला किती शक्तीचा किरण किती काळ द्यावा याची तजवीज आपल्या स्मृतीतील कोष्टकावरून करतो. संकेत कोष्टकात नसला तर तो अंदाजाने लिहितो, आणि तो अंदाज चुकू शकतो. म्हणून एकच डबा एका राइटरवर उत्तम आणि दुसऱ्यावर टाकाऊ ठरतो. पहिली तबकडी लिहून, रुजुवातीचा, म्हणजे ‘व्हेरिफाय’चा पर्याय चालू ठेवून ती तपासावी आणि मगच बाकीच्या लिहाव्यात; हा शिरस्ता न पाळणाऱ्या स्टुडिओंमुळे किती घरांत किती मने दुखावली, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. आता तर चांगल्या कोऱ्या तबकड्याच दुर्मिळ होत चालल्या आहेत. १९८३ साली स्थापन झालेली आणि पुढे या तबकड्यांच्या जगातील मोठ्या उत्पादकांत गणली गेलेली आपल्याकडची मोझर बेअर कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली.

ओरखडे आणि डाग यांची गोष्ट निराळी, कारण ते लेखनानंतर आपल्याच हातून होतात. डीव्हीडीवरील माहिती ३२ किलोबाइटच्या एकेका ठोकळ्यात मांडलेली असते. मामलेदार कचेरीतील काटेकोर कारकून जसा आकड्यांच्या कोष्टकाला प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक रकान्याची उभी बेरीज जोडून ठेवतो, म्हणजे मधला एखादा आकडा शाईने बरबटला तरी दोन्ही बेरजांवरून तो शोधून काढता येतो, तशीच या ठोकळ्यास आडवी व उभी अशी दुहेरी जादा माहिती जोडलेली असते. १९२ ओळी व १७२ रकान्यांची मूळ माहिती, ती जादा माहिती धरून, २०८ ओळी व १८२ रकान्यांची होते. या बंदोबस्तामुळे रेषेच्या दिशेने सुमारे सहा मिलिमीटरपर्यंत माहिती बुजली तरी प्लेअर ती हिशेबाने पुन्हा उभी करतो आणि पाहणाऱ्यास पत्ताही लागत नाही. परंतु जी तबकडी मुळातच सदोष लिहिली गेली आहे, तिच्या दुरुस्तीतच हा बंदोबस्त अर्धाअधिक खर्ची पडलेला असतो, आणि मग एखादा नगण्य ओरखडाही शेवटचा घाव ठरतो. छापील तबकडी ओरखडे सोसते आणि लिहिलेली सोशीत नाही, ती या कारणाने.

गोल पुसण्यातील धोकाही येथेच उघड होतो. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एका बिंदूत छेदून जातो व सहज सोसला जातो. वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र त्याच वेढ्यावरून लांबवर चालत जातो आणि सहा मिलिमीटरची मर्यादा केव्हाच ओलांडतो. म्हणून तबकडी पुसावयाची ती स्वच्छ, मऊ सुती कापडाने, मध्याकडून कडेकडे सरळ. तेलकट बोटांचे ठसे असतील तर साध्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. स्पिरिट, थिनर, काच पुसण्याचे द्रव यांना मज्जाव असावा. टूथपेस्टने घासण्याच्या उपायाची बरीच थट्टा होते, तरी त्यात थोडे तथ्य आहे: खालच्या ०.६ मिलिमीटर प्लास्टिकवरील उथळ ओरखडा अशा सौम्य घर्षणाने गुळगुळीत होऊ शकतो. परंतु जळलेला लेप किंवा बिघडलेले लेखन त्याने सुधारत नाही, आणि तबकडीची प्रत काढून घेण्यापूर्वी तो करून पाहणे अविचाराचे ठरेल. तबकडी शीतपेटीत ठेवण्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे.

वधूवरांचे छायाचित्र छापलेला कागदी स्टिकर डीव्हीडीवर डकविण्याची एक चाल होती. दिसण्यास मोहक, परिणामी घातक. कागद दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. तबकडी किंचित वाकते, आणि स्टिकर जरा तिरका बसला की फिरताना तिचा तोलही जातो. तो काढण्याच्या प्रयत्नात चिकटविलेल्या दोन चकत्या विलग होण्याचा धोका असल्याने, एकदा लावलेला स्टिकर तसाच राहू द्यावा आणि तबकडीची प्रत काढावी. नाव लिहायचे तर पाण्याच्या शाईच्या मार्करने, आणि शक्य तर मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.

यंत्राचा दोष असेल तर गल्लीतला मेकॅनिक ‘लेन्स गेली’ एवढेच सांगतो. लेन्सवर नुसती धूळ असेल तर ती अलगद साफ करून भागते. परंतु त्यामागचा लेसर वयाने क्षीण झाला असेल, तर कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. काही कारागीर लेन्स व लेसर यांच्या एकत्रित जोडावरील, म्हणजे ‘पिकअप’वरील, एक चिमुकला स्क्रू फिरवून लेसरचा प्रवाह वाढवून देतात. यंत्र काही महिने तरुण झाल्यासारखे वागते आणि मग कायमचे निवृत्त होते. पूर्ण पिकअप बदलणे हाच खरा इलाज, तोही सुटा भाग मिळाला तर.

येथवरचे विवेचन तबकडी जिवंत आहे असे गृहीत धरून झाले. परंतु रंगद्रव्य हे मुळातच प्रकाशाने व उष्णतेने विटणारे द्रव्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत अशा तबकड्या ४ ते २० अंश सेल्सियस तापमानात आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवाव्यात असे सांगितले आहे. रत्नागिरीच्या किंवा पणजीच्या पावसाळ्यात हे दोन्ही आकडे वाचून हसूच येते. तरी त्या कडक डब्यांत, उभ्या, अंधाऱ्या व कोरड्या कपाटात ठेवाव्यात, लग्नाच्या अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशात नव्हे, आणि डब्यातून काढताना मधली कळ दाबून काढाव्यात, वाकवून नव्हे, एवढे तर कोठेही पाळता येते. मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या तबकडीच्या बाबतीत, ती प्लेअरवर कशी चालवावी यापेक्षा तिच्यावरचे चित्रण बाहेर कसे काढावे, हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

जी तबकडी अजून नीट वाचली जाते, तिचा ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घेतला की झाले. घरगुती तबकडीवर चित्रपटांसारखे कुलूप नसते. जी मध्येच अडते, तिच्या बाबतीत नेहमीची कॉपी करण्याची आज्ञा निरुपयोगी ठरते, कारण पहिल्याच न वाचलेल्या खंडापाशी ती हटून बसते आणि मग सारेच काम टाकून देते. तेथे जीएनयू डीडीरेस्क्यूसारखे साधन उपयोगी पडते. ते प्रथम सहज वाचले जाणारे सारे भाग घाईने उचलून घेते, अवघड भाग पुढच्यासाठी सोडते, काय मिळाले व काय राहिले याची नोंद एका फाइलीत ठेवते, आणि मग राहिलेल्या भागांवर पुन्हा पुन्हा फिरून येते. या नोंदीचा मोठा लाभ असा की, एका ड्राइव्हने जमेल तेवढे झाल्यावर तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेल्या तेवढ्याच भागांसाठी प्रयत्न करता येतो. प्रत्येक ड्राइव्हची दृष्टी थोडी निराळी असल्याने एकाला न दिसलेला खंड दुसऱ्याला दिसतो, आणि डेस्कटॉपचा जाडजूड ड्राइव्ह लॅपटॉपच्या सडपातळ ड्राइव्हपेक्षा पुष्कळदा अधिक चिवट निघतो. एकाच लग्नाच्या दोन प्रती सासर-माहेरी असतील तर त्याहून उत्तम, कारण दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून लिहिलेल्या असल्यास एकीची उणीव दुसरीवरून भरून काढता येते. शेवटी काही खंड हाती लागले नाहीत, तरी बिघडत नाही. व्हीएलसीवर त्या जागी चित्र सेकंदभर फुटेल आणि पुढे चालू लागेल.

असे उतरविलेले चित्रण हँडब्रेकने एमपी४ मध्ये रूपांतरित करून नातेवाइकांना धाडता येते. त्या वेळी आडव्या रेषांचे दंतुर चित्र टाळण्यासाठी ‘डीइंटरलेस’चा पर्याय चालू ठेवावा, आणि चित्राची रुंदी-उंची मूळ नोंदीप्रमाणे, म्हणजे जुन्या लग्नांसाठी बहुधा ४:३, राहू द्यावी, मोठ्या टीव्हीवर पडदा भरावा म्हणून ती ताणल्यास सडपातळ नवरदेवही विनाकारण स्थूल दिसतो. रूपांतर झाले तरी मूळ ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर पुसू नये, कारण पुढे याहून चांगले रूपांतर करणारे साधन निघाल्यास त्याला कच्चा माल म्हणून तोच लागेल, आणि तोपर्यंत ती तबकडी काही देण्याच्या स्थितीत असेल असे नाही.